बसऱ्याची खाकी

तीन कुडते परत आले. देवळाली कॅम्पातला आमचा पोस्टमन अजून दारातून हाक मारून पार्सल देतो, त्यामुळे शेजारच्या सायकलवाल्यापासून समोरच्या बेकरीपर्यंत सगळ्यांना कळलं की बेल्जियमहून माल परत आलाय. पाकीट फोडलं. तिन्ही कुडते इस्त्री करून, घडी घालून पाठवलेले, आणि प्रत्येकाला टाचणीने एकेक चिठ्ठी. पहिलीवर लिहिलं होतं, दोरा चमकतो. दुसरीवर, आतली शिवण इंटरलॉकची आहे. तिसरीवर, काजं मशीनची आहेत. खाली मनापासून आभार, आणि पुन्हा शिवून देता का अशी अदबीने केलेली विचारणा.

दादांनी चष्मा कपाळावर ढकलून एक कुडता उलटा केला, आतून पाहिला, परत सुलटा केला. "चाळीस वर्षं मेजर-कर्नलांचे युनिफॉर्म शिवले," ते म्हणाले, "एकानं कधी आतून बघितलं नाही."

हे गिऱ्हाईक आतून बघणारं होतं. पेशानं शाळामास्तर. वर्षातले काही शनिवार-रविवार हा माणूस आणि त्याचे दोस्त शंभरेक वर्षांपूर्वीच्या शिपायांचे कपडे चढवतात, शेतात चर खणून त्यात रात्र काढतात, पत्र्याच्या मगात चहा पितात आणि बघायला आलेल्या पोराबाळांना सांगतात की पहिल्या महायुद्धात शिपाई असा राहायचा, असं खायचा, पायाला पट्टी अशी बांधायचा. इंग्रजीत त्यांना रीएनॅक्टर म्हणतात. युरोपात असे हौशी गट पुष्कळ आहेत. बहुतेकांना टॉमी, म्हणजे इंग्रज शिपाई, व्हायचं असतं, नाहीतर जर्मन. या मास्तरांना मात्र 1914 च्या ऑक्टोबरात बेल्जियममधल्या ईप्र गावाच्या आसपास लढलेला हिंदुस्थानी शिपाई उभा करायचा होता. त्यासाठी कुडता हवा होता, आणि तो कुडता शिवणारा माणूस हिंदुस्थानातच असला पाहिजे, असा त्यांचा भाबडा हिशोब.

याला मराठीत काय म्हणावं हे मला बरेच दिवस सुचत नव्हतं. 'वेशभूषा' म्हटलं की गॅदरिंगमधला पुठ्ठ्याचा मुकुट डोळ्यांपुढे येतो. मग एकदा पेठकडच्या एका पाड्यावर बोहाडा पाहिला आणि शब्द सापडला. सोंग. रात्रभर संबळ वाजतोय, मशालीच्या उजेडात एकेक मुखवटा नाचत येतोय आणि मुखवट्याखालचा माणूस कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असूनही त्या घटकेला कुणी त्याला त्याच्या नावाने हाक मारत नाही. शहरात आपण 'सोंगं करू नकोस' म्हणतो तेव्हा त्यात नाटकीपणाचा आरोप असतो. पाड्यावरचं सोंग तसलं नव्हे. ते नीटच आणावं लागतं. बेल्जियमच्या मास्तरांना तसलं सोंग आणायचं होतं आणि मी त्यांना गॅदरिंगचा कपडा शिवून पाठवला होता.

आमच्या गावाचा आणि गोऱ्या शिपायाचा संबंध तसा जुना. 1861 च्या सुमाराला इंग्रजांनी देवळालीला छावणी टाकली. विलायतेहून आलेली पलटण इथं उतरायची, परत जाणारी इथंच जहाजाची वाट बघत बसायची. शिपायांची जहाजं साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर भरली तो पुढचे कित्येक महिने इथंच अडकायचा. काम नाही, लढाई नाही, वर ऊन. त्यातून इंग्रजीत एक शब्द गेला तो अजून आहे. डोकं फिरलं की 'डुलॅली' झाला म्हणतात. मुळात 'डुलॅली टॅप' म्हणायचे. त्यातला टॅप म्हणजे आपला तापच. एखाद्या गावाचं नाव परक्या भाषेच्या शब्दकोशात वेड लागणे या अर्थानं शिरावं, याचा आम्हाला थोडा अभिमानही वाटतो.

पुढे तोफखान्याची शाळा इथं आली, तिच्या मागोमाग अधिकारी आले आणि अधिकाऱ्यांच्या मागोमाग आमचे आजोबा. जातीनं नामदेव शिंपी, गाव सिन्नर तालुक्यातलं. 1948 साली त्यांनी कॅम्पात एक पायमशीन टाकलं. ते मशीन अजून दुकानात आहे. पट्टा बदलला, बाकी तेच.

तर परत आलेल्या कुडत्यांची गोष्ट. मी पहिल्यांदा चिडलो. मग दोऱ्याचं टोक काडीवर धरलं. सुती दोरा जळतो तेव्हा कागद जळल्याचा वास येतो आणि मागे भुरभुरीत राख राहते. आमचा दोरा जळला नाही, आक्रसला, आणि टोकाला काळा कडक मणी झाला. पॉलिएस्टर. पॉलिएस्टरचा शोधच 1941 चा, म्हणजे माझ्या 1914 च्या शिपायानं सत्तावीस वर्षं पुढचा दोरा अंगावर घातला होता. पुढच्या निरोपात मास्तरांनी आणखी एक गोष्ट कळवली. त्यांच्यातले दर्दी लोक कपड्यावर जांभळा दिवा मारून बघतात, नोटा तपासायचा असतो तसला. नव्या दोऱ्यात आणि हल्लीच्या धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं, ते त्या उजेडात निळंशार चमकतं. शंभर वर्षांपूर्वीचं कापड चमकत नाही. नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा छापल्या जातात, आमच्या नात्यातली दोन माणसं तिथून निवृत्त झाली, त्यामुळे नोटेवर जांभळा दिवा मारतात हे मला लहानपणापासून ठाऊक. सदऱ्यावर मारतात हे नव्हतं ठाऊक. त्या दिवसापासून ही कापडं आम्ही रिठ्याच्या पाण्यात धुतो.

आता कापड. खाकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोलीस येतो, होमगार्ड येतो, जुना पोस्टमन येतो. शब्द फारसी, खाक म्हणजे माती, धूळ, राख. घर जळून खाक झालं म्हणतो तोच हा खाक. 1846 मध्ये पेशावरला लम्सडेन नावाच्या अधिकाऱ्यानं गाइड्सची पलटण उभी केली, तेव्हापासून मातीच्या रंगाचा कपडा फौजेत रुजला. पांढऱ्या नाहीतर लाल कपड्यातला शिपाई उघड्या डोंगरावर लांबूनच दिसतो, मातीच्या रंगाचा दिसत नाही. पण सुरुवातीची खाकी म्हणजे जो तो आपल्या भांड्यात रंगवील ती. दोन कंपन्या शेजारी उभ्या राहिल्या तर रंग जुळायचा नाही, आणि चार वेळा घाटावर गेली की कुडता पुन्हा पांढुरका. पक्की खाकी आली ती 1884 मध्ये, लँकेशरच्या गॅटी नावाच्या रंगाऱ्यानं पेटंट घेतलं तेव्हा. युक्ती अशी की कापड लोखंडाच्या आणि क्रोमच्या क्षारांत भिजवायचं, मग खारात बुडवायचं, म्हणजे दोन्ही धातूंचे कण धाग्याच्या आतच घट्ट बसतात. म्हणजे कपडा खरोखरच गंज आणि माती पोटात घेऊन बसतो. रंग उन्हाला दाद देत नाही, पाण्याला देत नाही. फक्त कापड खरखरीत होतं आणि शिंप्याची सुई लवकर बोथट होते. हे वाचलं तेव्हा कुठल्यातरी कारखान्यात दिवसभर सुया बदलत बसलेला तो अनोळखी शिंपी मला एकदम जवळचा वाटला.

मी कात आणि हिराकस घेऊन मागच्या अंगणात प्रयोग केले. पहिलं कापड विटकरी झालं. दुसऱ्यात हिरडा घातला, ते काळं करडं झालं, दहाव्याला नेसावं असं. आमच्या सौभाग्यवतींचं एक पातेलं त्यात कायमचं गेलं. क्रोमचं रंगकाम करून बघावं असंही डोक्यात होतं, पण ज्या रंगाऱ्याकडे गेलो तो म्हणाला, ते पाणी कुठं सोडू, गंगेत? क्रोमचं पाणी विषारी असतं. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि मी तिथून गप्प परत आलो. शेवटी हल्लीच्या पक्क्या रंगात, नमुन्याचं चिंधूक समोर ठेवून, सातव्या खेपेला छटा जमली. थोडी पिवळी, थोडी हिरवट, उन्हात बघितली तर वाळल्या गवतासारखी.

कापडासाठी मालेगाव. तिथले माग दिवसरात्र खडखडत असतात, पण बहुतेकांवर साधी वीण चालते. मला हवं होतं ड्रिल, ज्याला आमच्या धंद्यात जुनी माणसं जीन म्हणतात. त्यात आडवा दोरा एका आड एक जात नाही, उड्या मारत जातो, म्हणून कापडावर तिरकी रेघ उठते आणि कापड जाड असूनही अंगाला वळतं. साध्या मागावर उभे धागे दोनच पाळ्यांत वरखाली होतात, या विणीला तीन-चार लागतात. मागवाल्यानं मला चहा पाजला, कपाळाला हात लावला आणि विचारलं, "दोनशे मीटरसाठी माग बदलू? कोण घालणार आहे हे?" मी म्हणालो, "मेलेली माणसं." उत्तर जरा जास्तच झालं. पण त्यानं माग बदलला.

काजांचं काम चाचांकडे. चाचा आमच्याकडे दादांच्या वेळेपासून आहेत, आता डोळ्यांना कमी दिसतं, पण काज ते डोळ्यांनी करतच नाहीत. दोऱ्याला मेण लावायचं, भोक कापायचं, आणि कडेनं एकाला एक लागून गाठीचा टाका. एका काजाला वीस मिनिटं. मशीन एका मिनिटात चार करतं. मास्तरांनी संग्रहालयातल्या एका कोटाचे फोटो पाठवले होते आणि एका इंचात किती टाके आहेत हे फोटोवर मोजून लाल बाण काढले होते. चाचांनी ते फोनवर पाहिले, बोटांनी मोठे केले, आणि म्हणाले, "ये आदमी जल्दी में था." मी म्हटलं कशावरून? शेवटचे टाके लांब पडलेत म्हणाले, जेवणाची सुट्टी झाली असणार.

त्या फोटोंत एक गोष्ट अशी होती की मी तासभर तीच बघत राहिलो. गरम मुलखातल्या खाकी कोटांना पितळी बटणं शिवलेलीच नसत. बटणाच्या जागी एक छोटं गोल भोक, कडेनं हातानं गुंफलेलं. बटणाच्या पाठीचा नाका त्या भोकातून आत सरकवायचा आणि आतून किल्लीच्या कडीसारखी एक बारकी कडी अडकवायची. कपडा धुवायला टाकताना बटणं काढून घ्यायची. कारण उघड आहे, धोब्याचा दगड. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्याची बटणं आपल्या परटाला घाबरून होती! ही गोल भोकं आम्ही पुढे शेकड्यांनी केली. काजासारखी लांबट नाहीत, साध्या चामड्याच्या पट्ट्याच्या भोकासारखी नाहीत, दोन्हीच्या मधलंच काहीतरी. एकदा हातातून गेलं की अंधारातही बोटाला ओळखू येतं.

पट्टीचंही तसंच. पायाच्या नडगीला गुंडाळतात ती लोकरीची लांब पट्टी इंग्रज 'पटी' म्हणायचे, शब्द आपल्याकडचाच. पायदळाचा शिपाई ती घोट्यापासून वर गुडघ्याकडे गुंडाळायचा आणि नाडी गुडघ्याखाली बांधायचा. घोडेस्वार उलटी, वरून खाली, म्हणजे नाडी घोट्याशी येते. फोटोतला माणूस पायदळातला की रिसाल्यातला हे कळायला चेहरा बघावा लागत नाही, पाय बघितले तरी पुरतं. सैल बांधली तर दहा पावलांत घसरते, घट्ट बांधली आणि भिजली तर पाय आवळते. दादांनी पहिल्याच प्रयत्नात नीट बांधली. म्हणाले, तालमीत असताना गुडघा धरायचा तेव्हा असंच बांधायचो.

आणि पाठीची गादी! मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गोऱ्या शिपायाच्या पाठीवर, कण्यावरून, एक शिवलेली जाड कापडी पट्टी लटकवत. तेव्हाच्या डॉक्टरांची समजूत अशी की ऊन कण्यातून शिरतं आणि माणूस उष्माघातानं पडतो. म्हणून आधीच उकडून निघालेल्या माणसाच्या पाठीवर आणखी एक गादी. एका इंग्लंडच्या गिऱ्हाइकासाठी आम्ही अशा सहा शिवल्या. चाचांनी विचारलं, याचा उपयोग काय? मी म्हटलं, काही नाही, तेव्हा चुकीचं समजत होते. चाचांनी मान हलवली आणि ती चूक बारीक, सरळ टाक्यांत शिवून दिली.

हा धंदा परवडतो का, असं लोक विचारतात. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. गणपतीच्या आधी ढोल-पथकांचे कुडते आणि लग्नसराईतले जोधपुरी कोट यांवर दुकान चालतं. शिवजयंतीला मावळ्यांचे अंगरखे शिवतो तेही सॅटिनचे, चकचकीत, मागे वेल्क्रो. एकदा एका मंडळाला म्हटलं, निदान सुती घ्या, मावळा डोंगरात फिरायचा, असलं निसरडं कापड करवंदीच्या जाळीत एक दिवस टिकलं नसतं. ते म्हणाले, फोटोत उठून दिसत नाही. त्यांचंही बरोबर असेल. पण बेल्जियमचा एक मास्तर आपल्या माणसाच्या कुडत्याचा आतला टाका मोजतो आणि आपण महाराजांच्या मावळ्याला वेल्क्रो लावतो, हे मला रात्री झोपताना टोचतं ते टोचतंच.

दुसऱ्या खेपेचे कुडते पास झाले. मग मास्तरांचा एक साधा प्रश्न आला. नमुना म्हणून त्यांच्याकडे फोटो होते आणि अधिकाऱ्यांचे कोट होते. शिपायाचा अस्सल कुडता त्यांना कुठं मिळत नव्हता. तुमच्याकडे तर घराघरांत असतील ना, एखाद्याचे फोटो पाठवाल का?

घराघरांत. मी विचार करायला लागलो. मराठा पलटणींचा मोठा भाग फ्रान्सकडे नव्हे, मेसोपोटेमियाकडे गेला. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 मध्ये तिथल्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात ती डिव्हिजन अडकली, उपाशी राहिली, घोडे मारून खायची पाळी आली, आणि 29 एप्रिल 1916 ला शरण गेली. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत गेली. त्यातली किती वाळवंटात चालवत नेताना पडली, त्यांच्या अंगावर त्या वेळी काय उरलं होतं याचा मी शिंपी म्हणून विचार करतो तेव्हा कात्री खाली ठेवावी लागते. 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर 1921 मध्ये मोडून टाकली. तिचे कपडे कुणी जपले असतील? सातारा-रत्नागिरीकडे काही गावांत संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर आकडे आहेत. नावं नाहीत. कपडा तर दूरच.

संग्रहालयात तेच पोचतं जे कुणीतरी पेटीत जपून ठेवलेलं असतं. पेटी असायला घर मोठं लागतं, कपडे दोनाहून जास्त लागतात. आपल्याकडे कपड्याचं आयुष्य ठरलेलं आहे. नवा असतो तोवर बाहेरचा, विटला की घरातला, फाटला की शेतातला, बाह्या कापून धाकट्याचा, मग पोतेरं, आणि त्यात जरा धड असेल तो तुकडा गोधडीत. युद्धावरून माणूस आणि कुडता दोघं परत आले असतील तर कुडत्यानं औतामागे दोन पावसाळे काढले असणार. इतिहासाच्या दृष्टीनं ही नासाडी. घरच्या बाईच्या दृष्टीनं काहीच वाया गेलं नाही.

गोधडी म्हटल्यावर मला आत्या आठवली.

आत्या आमच्या मूळ गावी असते, वय पंच्याऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, बोलणं मोठ्यानं. तिच्या सासऱ्यांचा थोरला भाऊ 'बसऱ्याला गेला होता' एवढं मी लहानपणापासून ऐकलेलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांसाठी पहिलं महायुद्ध म्हणजे जर्मनची लढाई, आणि मेसोपोटेमिया म्हणजे बसरा. तिच्या खाटेवर एक वजनदार गोधडी असते, तिला मी लहानपणी 'पोलिसाची गोधडी' म्हणायचो कारण तिच्या एका कोपऱ्यात खाकी ठिगळ होतं. ठिगळ नव्हे, खरं तर आतल्या थराचं कापड, वरचं लुगड्याचं कापड विरल्यावर डोकावणारं. पोरगेपणी त्याचा काय तो अर्थ पोलीस.

रविवारी स्कूटर काढून गेलो. आत्या ओसरीवर शेंगा फोडत होती. मी सरळ मुद्द्यावर आलो, गोधडी बघायची आहे म्हटलं.

"कशाला रे? धुवायला न्यायचीय का?"

"नाही गं आत्या, आत काय आहे ते बघायचंय."

"आत काय असणार? चिंध्या!"

मग तिला सगळं सांगितलं, बेल्जियम, मास्तर, कुडते, टाके मोजणं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तो गोरा माणूस आपल्या म्हाताऱ्याचं सोंग घेणार?" मी हो म्हटलं. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मग घे उसवून. पण एकाच बाजूनं. आणि संध्याकाळच्या आत शिवून दे, मला तिच्याबिगर झोप लागत नाही."

गोधडी अंगणात उन्हात पसरली आणि मी पोटावर पालथा पडून कडेचे टाके सोडवायला लागलो. वरचं कापड आत्याच्या हातचं, फार जुनं नव्हे. त्याखाली एक हिरवं लुगडं. त्याखाली कुणाच्या तरी परकराची किनार, मांजरपाट, धोतराचे दोन पदर. घरातल्या चार पिढ्यांचे कपडे एकमेकांना टाके घालून बसलेले, आणि सगळ्यात आत, हाताला खरखरीत लागणारं, तिरक्या रेघेचं, वाळल्या गवताच्या रंगाचं वीतभर कापड. एक धागा ओढून काडीवर धरला. कागदाचा वास, भुरी राख. सुती. पण सुती तर पोलिसाची खाकीही असते.

मग कापडाची कड बोटांत धरून पुढे सरकत गेलो आणि बोट थांबलं. डोळ्यांनी बघायच्या आधीच कळलं. एक गोल भोक, कडेनं हातानं गुंफलेलं. चार बोटांवर दुसरं. दोन्हींच्या मधोमध कापडावर पितळेच्या घासण्याचा हिरवट डाग.

बटणं नव्हती. ती काढूनच कपडा धुवायला गेला असणार, आणि मग कधीतरी बटणं एकीकडे आणि कपडा एकीकडे. अशी बटणं पुढे दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालली, त्यामुळे हा तुकडा थोरल्या आजोबांचाच, बसऱ्याचाच, असं शपथेवर सांगायला मी तयार नाही. पण माझ्या दुकानात शेकड्यांनी झालेलं ते भोक दुसऱ्या कुणाच्या हातचं मी पहिल्यांदा बोटांनी पाहत होतो. टाके मोजले. फोटो काढले, पट्टी ठेवून, उन्हात आणि सावलीत. शेवटच्या बाजूचे दोन टाके लांब पडले होते.

मास्तरांना त्याच रात्री फोटो पाठवले. तासाभरात उत्तर. हा तुकडा विकणार का, किंमत तुम्ही सांगा, आम्ही तो नीट काचेत ठेवू. आकडा मी लिहीत नाही, चाचांच्या तीन महिन्यांच्या मजुरीइतका होता. पण मला विचारायची गरज पडली नव्हती. दुपारीच, मी फोटो काढत असताना, आत्यानं ओसरीवरून विचारलं होतं, "काढून तर घेणार नाहीस ना रे ते? तिथं पोकळ होईल. थंडी तिथूनच शिरती."

नाही म्हटलं आणि गोधडी शिवायला बसलो. तिनं तिच्या डब्यातला जाड पांढरा दोरा दिला आणि दाभणासारखी सुई. मी धावदोरा घालायला लागलो, सवयीनं, बारीक आणि सारखा. आत्यानं खाटेवरून वाकून पाहिलं.

"एवढे जवळ जवळ कशाला टाकतो? मशीनसारखे?" ती म्हणाली. "लांब टाक. गोधडी उद्या परत उसवायची असती."

मी चार टाके उसवले आणि लांब घालायला लागलो. ऊन भिंतीवर गेलं होतं. कोपऱ्याशी आलो तेव्हा दोरा संपत आला, म्हणून शेवटचे दोन आणखीच लांब पडले.